पाच रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं पाचलाच कसा? मिरजगावच्या किराणा दुकानातून समजून घ्या वजनाचं गणित

दारात लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा, हातातलं पाचचं नाणं आणि पुड्याच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं वजन. महागाई नेमकी कुठे लपते आणि ती ओळखायची कशी?

नगर-सोलापूर रस्त्यावरच्या मिरजगावात कुठल्याही किराणा दुकानासमोर दोन मिनिटं उभं राहा. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "एक पाचवाला द्या." पाचवाला म्हणजे कोणता, हे दुकानदाराला विचारावं लागत नाही. पुढचं गिऱ्हाईक दहाची चहा पावडर मागतं. शाळेतून आलेलं पोर बोट दाखवून पाचचे वेफर्स मागतं. एखादी ताई शॅम्पूच्या माळेतल्या चार पुड्या तोडून घेते.

या सगळ्यात एक प्रश्न कोणीच विचारत नाही. "किती ग्रॅम?"

हीच माणसं आठवडे बाजारात गेली की चित्र उलटं होतं. तिथे तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत कोणाची नजर हलत नाही. पाव किलो मिरची घेतली तरी वर दोन मिरच्या जास्तीच्या मागून घेतल्या जातात. भाव किलोचा विचारला जातो, माल डोळ्यांसमोर मोजला जातो.

म्हणजे एकाच गावात, एकाच पिशवीत, दोन वेगवेगळ्या पद्धतींनी खरेदी होते. बाजारात वजन ठरलेलं असतं आणि भाव बदलतो. किराणा दुकानात भाव ठरलेला असतो आणि वजन बदलतं. पहिला बदल सगळ्यांना दिसतो, त्यावर चर्चा होते. दुसरा बदल बहुतेकांना दिसत नाही.

आजच्या लेखात हाच दुसरा बदल समजून घेऊया.

लोक छोटा पुडा का घेतात?

शहरातल्या माणसाला वाटतं की गावाकडे लोक हिशेब न करता छोट्या छोट्या पुड्या घेतात. प्रत्यक्षात या खरेदीमागे पक्का हिशेब असतो.

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातलं, आसपासच्या वाड्यावस्त्यांची बाजारपेठ असलेलं गाव. हा अवर्षणप्रवण पट्टा. इथे पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. दुधाचा पगार साधारण दर दहा दिवसांनी होतो. मजुरी रोजची किंवा आठवड्याची, बहुतेकदा बाजाराच्या दिवशी हातात पडणारी. कांदा विकला तर एकदम रक्कम येते, पण ती आधीच्या देण्यात जाते. ज्वारी निघाली की घरचं धान्य भरतं, रोख फारशी येत नाही.

पैसा असा तुकड्यातुकड्यांनी येत असेल, तर खर्चही तुकड्यातुकड्यांनीच होणार. महिन्याचा किराणा एकदम भरायचा म्हणजे दोन-तीन हजार रुपये एका दिवशी घालवायचे. त्याच दिवशी पोराला ताप आला किंवा मोटार जळाली, तर हातात काय राहणार? म्हणून घर चालवणारी बाई साखर पाव किलो घेते, चहा पावडर दहाची घेते आणि उरलेली रोख हाताशी ठेवते.

याला आणखी एक व्यवहारी कारण आहे. मोठा पुडा घरात आला की लवकर संपतो. पाहुणे येतात, पोरं हात मारतात, पावसाळ्यात बिस्किटं मऊ पडतात. छोटा पुडा म्हणजे घरातलं रेशनिंग असतं.

महाराष्ट्र सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1,500 रुपये 2024 पासून थेट महिलांच्या खात्यात येऊ लागले. त्यामुळे घरखर्चात बाईच्या हातात ठरावीक रक्कम आली. पण बाकीचं उत्पन्न पूर्वीसारखंच तुकड्यांनी येत असल्यामुळे छोट्या पुड्याची गरज संपलेली नाही.

ही पुडी आली कुठून?

शॅम्पूच्या छोट्या पुडीची भारतातली गोष्ट तमिळनाडूतल्या कडलूरमधून सुरू होते. 1970 च्या दशकात तिथल्या चिन्नी कृष्णन यांनी द्रव पदार्थ छोट्या पुडीत भरून विकण्याचा प्रयोग केला. श्रीमंत माणूस जी वस्तू वापरतो ती मजुरालाही परवडली पाहिजे, हा त्यांचा विचार. त्यांच्या मुलांनी तो पुढे नेला. त्यापैकी सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये 15 हजार रुपयांच्या भांडवलावर वेगळा व्यवसाय सुरू केला. त्यांचा चिक शॅम्पू खेड्यापाड्यांत पोचला. रिकाम्या पुड्या आणून द्या आणि एक भरलेली पुडी फुकट न्या, ही त्यांची योजना गाजली. पुढे हीच कंपनी केव्हिनकेअर नावानं ओळखली जाऊ लागली.

मोठ्या कंपन्यांनी यातून धडा घेतला. ज्या घरात शंभर रुपयांची बाटली कधी जाणार नाही, त्या घरात रुपयाची पुडी रोज जाऊ शकते. मग केसांचं तेल, कपड्यांची पावडर, कॉफी, सॉस, टूथपेस्ट असं सगळंच पुडीत आलं.

बिस्किटाचा प्रवास थोडा वेगळा. मुंबईत विलेपार्ल्याला 1929 मध्ये सुरू झालेल्या पार्लेचा ग्लुकोज बिस्किटाचा पुडा गावोगावच्या चहाच्या टपरीवर पोचला तो स्वस्त आणि एकाच किमतीला मिळणारा म्हणून. चार रुपयांचा पुडा अनेक वर्षं चार रुपयांचाच होता, मग पाचचा झाला. आज तिशी-चाळिशीत असलेल्या वाचकांना लहानपणीचा तो जाडजूड पुडा आठवत असेल. आजचा पुडा हातात घेतला की फरक जाणवतो.

किंमत का हलत नाही?

कारण अगदी साधं आहे, ते म्हणजे नाणं.

पाच रुपये हे एक नाणं आहे. पोराच्या मुठीत मावणारं, दुकानदाराला परत काही द्यावं न लागणारं. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली. 50 पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण गल्ल्यात कुठे दिसत नाही. म्हणजे व्यवहारात सगळ्यात लहान पायरी एक रुपयाची उरली.

आता कंपनीच्या जागी उभे राहा. गहू, साखर, पामतेल महागलं म्हणून तुमचा खर्च पाच टक्क्यांनी वाढला. पाचच्या पुड्याची किंमत पाच टक्क्यांनी वाढवायची तर ती 5 रुपये 25 पैसे होईल. हे पंचवीस पैसे गिऱ्हाईक देणार कुठून? पुढची पायरी सहा रुपयांची, म्हणजे एकदम 20 टक्के वाढ. शिवाय सहा रुपयांसाठी दोन नाणी शोधावी लागतात. चार रुपये परत देताना दुकानदार चॉकलेट टेकवतो आणि त्यावरून कुरबूर होते. तेवढ्यात शेजारचा दुसऱ्या कंपनीचा पुडा पाचलाच मिळत असेल, तर गिऱ्हाईक तिकडे वळतं.

म्हणून किंमत तशीच ठेवून वजन कमी केलं जातं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात तसं: समीकरणात एक राशी स्थिर धरली की दुसरीला हलावंच लागतं.

याला अर्थशास्त्रात 'श्रिंकफ्लेशन' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर भाव तोच, माल कमी.

मग महागाई किती झाली, हे कसं कळणार?

यासाठी एक सोपी युक्ती आहे. पाच रुपयांच्या कुठल्याही पुड्यासाठी 5,000 ला पुड्याच्या वजनानं भागा. जे उत्तर येईल तो त्या वस्तूचा किलोचा भाव. दहाच्या पुड्यासाठी 10,000 ला भागा.

काही नमुने पाहू. इथली वजनं गणित समजण्यासाठी घेतली आहेत. तुमच्या हातातल्या पुड्यावर जे छापलं असेल ते घालून पाहा.

• पाच रुपयांना 64 ग्रॅम: किलोचा भाव सुमारे 78 रुपये
• पाच रुपयांना 58 ग्रॅम: सुमारे 86 रुपये
• पाच रुपयांना 55 ग्रॅम: सुमारे 91 रुपये
• पाच रुपयांना 50 ग्रॅम: 100 रुपये

पुड्यावर पाचच लिहिलेलं आहे. पण 64 ग्रॅमचा पुडा 50 ग्रॅमचा झाला, तर किलोमागे 22 रुपये वाढले. ही वाढ 28 टक्क्यांची झाली. बाजारात कांदा एवढा वाढला असता तर बातमी झाली असती.

आता हेच गणित वेफर्सवर लावा. पाच रुपयांच्या पुड्यात 12 ग्रॅम माल असेल तर किलोचा भाव 416 रुपयांच्या पुढे जातो. त्याच दुकानात सुटे फुटाणे किंवा शेंगदाणे किलोला काय भावानं मिळतात, ते विचारा. पोराच्या खाऊचा हिशेब एका मिनिटात समोर येईल.

जीएसटी कमी झाला तेव्हा काय झालं?

किमतीचा हा आकडा किती घट्ट बसला आहे, याची परीक्षा 2025 मध्ये झाली.

जीएसटी परिषदेच्या 3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत दरकपातीचा निर्णय झाला आणि 22 सप्टेंबरपासून तो लागू झाला. बिस्किटं, शॅम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट, अंघोळीचा साबण यांवरचा कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. फरसाण, शेव यांसारख्या पॅकबंद नमकीनवरचा कर 12 वरून 5 टक्के झाला.

आता गणित करू. पाच रुपयांत 18 टक्के कर धरलेला असेल, तर वस्तूची मूळ किंमत होते सुमारे 4 रुपये 24 पैसे. त्यावर 5 टक्के कर लावला की नवी किंमत येते 4 रुपये 45 पैसे.

आणि खरोखरच काही दिवस 4 रुपये 45 पैशांसारख्या छापील किमती बाजारात दिसल्या. रुपयाच्या गोळीची किंमत 88 पैसे झाली. पण 88 पैसे द्यायचे कसे? रोखीनं ते शक्यच नाही. यूपीआयनं देता येतात, पण एका गोळीसाठी कोण मोबाइल काढणार? दुकानदार रुपयाच घेणार आणि गिऱ्हाईक रुपयाच देणार.

कंपन्यांचं म्हणणं होतं की आम्हाला पाच आणि दहाच्या किमती तशाच ठेवून वजन वाढवू द्या. पुढे बऱ्याच वस्तूंच्या बाबतीत तेच झालं आणि जुने गोल आकडे परत आले.

यात गिऱ्हाइकानं काय पाहायचं? कराचा पूर्ण फायदा वजनातून द्यायचा असेल तर 55 ग्रॅमचा पुडा जवळपास 62 ग्रॅमचा व्हायला हवा. म्हणजे दर आठ ग्रॅमला एक ग्रॅम जास्त. वजन वाढवलं तेव्हा "आता जास्त" असं मोठ्या अक्षरात छापलं जातं. कमी केलं तेव्हा मात्र "आता कमी" असं कुठल्याच पुड्यावर छापलेलं आठवत नाही.

कायदा काय सांगतो?

पॅकबंद वस्तूवर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापण्याची पद्धत 1990 पासूनची. त्यापेक्षा जास्त पैसे दुकानदाराला घेता येत नाहीत. कमी घेता येतात, ही गोष्ट मात्र अनेकांच्या लक्षात नसते. छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, सक्तीचा भाव नाही.

सध्या यासाठी वैधमापन कायदा 2009 आणि पॅकबंद वस्तूंचे 2011 चे नियम लागू आहेत. या नियमांत पूर्वी बिस्किटं, चहा, कॉफी, साबण, खाद्यतेल अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच भराव्यात अशी यादी होती. हेतू हा की दोन कंपन्यांच्या मालाची तुलना सहज करता यावी. 2021 मधल्या दुरुस्तीनं ही यादी काढून टाकली. त्याऐवजी पुड्यावर 'एकक विक्री किंमत' छापणं बंधनकारक केलं. अंमलबजावणीला काही मुदतवाढी मिळाल्या, पण आता बहुतेक पुड्यांवर ती दिसते.

एकक विक्री किंमत म्हणजे एक ग्रॅम, एक किलो, एक मिली किंवा एक लिटर मालाला किती पैसे पडतात तो आकडा. किलोपेक्षा जास्त वजनाच्या पिशवीवर तो किलोचा असतो. किलोच्या आतल्या पुड्यावर ग्रॅमचा.

हा बदल नीट समजून घ्या. आधी ठरावीक वजनं पाळण्याची जबाबदारी कंपनीवर होती. आता कंपनी कुठल्याही वजनाचा पुडा काढू शकते, आणि तुलना करण्याचं काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर आलं आहे.

ते डोळे किती पुरे पडतात? इथे एक बारीक अडचण आहे. हा आकडा रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत छापायचा असतो. आता गणित करा.

• पाच रुपयांना 58 ग्रॅम: ग्रॅमला 0.0862 रुपये, छापणार 0.09
• पाच रुपयांना 55 ग्रॅम: ग्रॅमला 0.0909 रुपये, छापणार 0.09
• पाच रुपयांना 53 ग्रॅम: ग्रॅमला 0.0943 रुपये, छापणार 0.09

पुडा 58 ग्रॅमवरून 53 ग्रॅमवर आला, म्हणजे माल प्रत्यक्षात नऊ टक्क्यांहून जास्त महागला. पुड्यावरची एकक किंमत मात्र तीच राहिली. नियम पाळला गेला, पण गिऱ्हाइकाला काही कळलं नाही.

एखाद्या घरात दिवसाला असे दोन पुडे लागत असतील तर वर्षाला 730 पुडे होतात. प्रत्येक पुड्यात पाच ग्रॅम कमी, म्हणजे वर्षाला साडेतीन किलोहून जास्त बिस्किटं गेली. नव्या वजनाच्या हिशेबानं जवळपास 69 पुडे.

आणखी एक गोष्ट. 10 ग्रॅम किंवा 10 मिलीपर्यंतच्या पुड्यांना या नियमांतून मोठी सूट आहे. त्यामुळे रुपया-दोन रुपयांच्या पुडीवर हा आकडा मिळेलच असं नाही.

छोटा पुडा नेहमी महागच पडतो का?

इथे मात्र एक समज दुरुस्त करायला हवा. मोठा पॅक स्वस्त आणि छोटा महाग, असं आपण धरून चालतो. मॉलमध्ये ढकलगाडी भरणाऱ्या बहुतेकांचा तोच विश्वास असतो. ते प्रत्येक वेळी खरं नसतं.

शॅम्पूचं उदाहरण घ्या. समजा रुपयाच्या पुडीत 5 मिली शॅम्पू आहे. एका मिलीला 20 पैसे पडले. समजा 180 मिलीची बाटली 150 रुपयांना आहे. एका मिलीला 83 पैसे पडले. म्हणजे बाटलीतला शॅम्पू चौपट महाग. आकडे ब्रँडप्रमाणे बदलतील, पण अनेक शॅम्पूंच्या बाबतीत पुडी बाटलीपेक्षा स्वस्त पडते, हे कुठल्याही दुकानात तपासता येईल.

असं का? कारण पुडीच्या बाजारात स्पर्धा तुंबळ आहे आणि किंमत रुपया-दोन रुपयांवर अडकलेली आहे. बाटली घेणारं गिऱ्हाईक वेगळं असतं, ते दहा-वीस रुपयांच्या फरकाकडे फारसं पाहत नाही. त्यामुळे नफा तिथून काढला जातो.

याच्या उलट उदाहरणंही आहेत. सुटी साखर, तांदूळ, तूरडाळ पाव किलोनं घेतली तर किलोच्या भावापेक्षा थोडी जास्त पडू शकते. कपड्यांची पावडर, चहा, तेल यांत कधी छोटा पुडा स्वस्त असतो, कधी मोठा. ठरलेला नियम नाही. दर वेळी भागाकार करणं हाच एक नियम.

गावाच्या खर्चात नेमकं काय बदललं?

हा सगळा प्रकार दोन-चार रुपयांचा वाटेल. पण देशभराचे आकडे पाहिले की त्याचा आवाका कळतो.

सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार, 1999-2000 मध्ये ग्रामीण भारतात घरखर्चातल्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे 22 रुपये धान्यावर जात होते. पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ यांवर जेमतेम 4 रुपये खर्च व्हायचे. 2022-23 मध्ये धान्यावरचा खर्च 5 रुपयांच्या आत आला आणि पेयं, तयार खाद्यपदार्थांवरचा साडेनऊ रुपयांच्या पुढे गेला.

या आकड्यांकडे थोडं जपून पाहायला हवं. रेशनवरच्या धान्यामुळे विकतच्या धान्यावरचा खर्च कमी झाला आहे. दुसऱ्या गटात पुड्यांसोबत हॉटेलातला चहा-वडापावही मोजला जातो. तरीही दिशा स्पष्ट आहे. गावातलं घर आज विकतच्या धान्यापेक्षा तयार खाण्यापिण्यावर जवळपास दुप्पट खर्च करतं.

आणि नेमकं याच भागात वजन विचारण्याची सवय सुटली आहे.

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी पायली, अधोली, शेर, मापटं, चिपटं हे शब्द होते. ज्वारी पायलीनं द्यायची, शेंगा मापट्यानं. मग किलो-ग्रॅम आले, तेही लोकांनी आपलेसे केले. या सगळ्या मापांत एक गोष्ट समान होती. माप ठरलेलं होतं आणि ते घेणाऱ्याला ठाऊक होतं. 'पाचवाला' हेही आता एक माप झालं आहे. फरक एवढाच की यात किती माल असेल, हे विकणारा ठरवतो आणि न सांगता बदलू शकतो.

याचा अर्थ पुडीनं फक्त नुकसान केलं असा नाही. रिठा-शिकेकाई, राखुंडी, मिश्री या गोष्टींच्या जागी शॅम्पू आणि टूथपेस्ट गावात आली ती छोट्या पॅकमुळेच. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये जो ब्रँड आहे, तोच मिरजगावच्या वस्तीवरच्या घरातही आहे, यात एक बरोबरीची भावना आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला तोच शॅम्पू रुपयात मिळतो, हे तिच्यासाठी लहान नाही. प्रश्न तिनं तो घेण्याचा नाही. तिला मिळणारा माल कमी होत असेल तर ते तिला कळण्याचा आहे.

दुकानदाराचं यात काय?

पुड्याचं वजन कमी झालं की पहिली तक्रार ऐकतो तो गल्ल्यावरचा माणूस. पण वजन तो ठरवत नाही. छापील किमतीत त्याचा वाटा ठरलेला असतो आणि पाचच्या पुड्यामागे तो पैशांतच मोजावा लागतो. त्याचा धंदा चालतो तो दिवसभरात किती पुडे गेले यावर.

तो जी खरी सेवा देतो ती पुड्यावर छापलेली नसते. ती असते उधारीची वही. दुधाचा पगार व्हायला चार दिवस असतील तर तो थांबतो, व्याज लावत नाही. मॉल आणि मोबाइल ॲप हे करत नाहीत. गावातलं किराणा दुकान टिकून आहे त्यात भावाइतकाच या ओळखीचा वाटा आहे.

2016 मध्ये आलेल्या यूपीआयमुळे आता बहुतेक दुकानांत क्यूआर कोड आहे आणि पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा छोटा स्पीकरही. पैशापैशापर्यंतची रक्कम देण्याची सोय झाली आहे. त्यामुळे पाचच्या नाण्याची मक्तेदारी संपेल असं वाटलं होतं. पण स्पीकर अजून "पाच रुपये", "दहा रुपये" असंच बोलतो. नाणं खिशातून गेलं तरी डोक्यातून गेलेलं नाही.

रिकाम्या पुड्यांचं काय होतं?

पुड्याच्या किमतीत न धरलेला एक खर्च गाव भरतं, तो म्हणजे कचऱ्याचा.

वेफर्स, शॅम्पू, नमकीन यांचे बहुतेक पुडे प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकत्र करून बनवतात. माल कुरकुरीत राहतो, पण हे थर वेगळे करणं अवघड असल्यामुळे भंगारवाला ते घेत नाही. 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आलेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या यादीत कप, ताटल्या, स्ट्रॉ, चमचे होते. शॅम्पू आणि बिस्किटांचे पुडे त्यात नव्हते.

2016 चे प्लास्टिक कचरा नियम ग्रामपंचायतींनाही लागू आहेत. असा माल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर तो कचरा गोळा करण्याची जबाबदारी आहे. पण गावाच्या पातळीवर तो शेवटी ओढ्यात, बांधावर किंवा संध्याकाळी पेटवलेल्या ढिगात दिसतो. एक किलोचा माल वीस पुड्यांतून आला, तर वीस वेष्टनं मागे राहतात.

तुम्ही काय करू शकता?

• वजन पाहा. किंमत समोर असते, 'निव्वळ वजन' बहुतेकदा मागे किंवा कडेला. नेहमीच्या चार-पाच वस्तूंची वजनं मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा पाहा.

• भागाकार करा. पाचच्या पुड्यासाठी 5,000 ÷ ग्रॅम, दहासाठी 10,000 ÷ ग्रॅम, वीससाठी 20,000 ÷ ग्रॅम. उत्तर किलोचा भाव.

• फक्त छापील एकक किमतीवर थांबू नका. ती दोन दशांशांपर्यंतच असते. छोट्या पुड्यात खरा फरक त्यात झाकला जाऊ शकतो.

• "20% जादा" वाचलं की विचारा, कशापेक्षा जादा? जुन्या पुड्याचं वजन तुमच्याकडे असेल तरच याचं उत्तर मिळेल.

• मोठा पॅक डोळे झाकून घेऊ नका. शॅम्पूसारख्या वस्तूत पुडी स्वस्त पडू शकते.

• छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, किंवा पुड्यात छापील वजनापेक्षा माल कमी निघाला, तर तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. राज्यात वैधमापन शास्त्र यंत्रणा हे काम पाहते. पण लक्षात ठेवा: कंपनीनं वजन कमी करून तेवढंच छापलं असेल, तर तो गुन्हा नाही. तिथे तक्रार उपयोगी नाही, दुसरा पुडा उचलणं उपयोगी आहे.

शेवटी एक साधा प्रयोग. पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर "पाचवाला द्या" म्हणण्याआधी, बाजारात मिरची घेताना विचारता तोच प्रश्न इथेही विचारा, किती ग्रॅम? दुकानदाराला कदाचित पाठ नसेल. तो पुडा उलटा करून पाहील, तुम्हीही पाहाल. पाचच्या नाण्यात त्या दिवशी किती माल आला, हे निदान दोघांना कळेल.